‘नेहमीची’ तपासणी आणि न विचारलेला प्रश्न

गरोदरपणी सरकारी दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, कारखान्यात नोकरीला लागताना किंवा शाळेतल्या आरोग्य शिबिरात आपले रक्त घेतले जाते. ‘हे कशासाठी?’ असे कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: ‘काही नाही, नेहमीचीच तपासणी आहे.’ उत्तर खोटे नसते. परंतु या उत्तराने पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. कोणकोणत्या तपासण्या होणार, निकाल कोणाच्या हाती जाणार आणि वाईट निघाला तर पुढे काय, हे विचारायचे राहून जाते. ‘नेहमीची’ हा शब्द वैद्यकाच्या व्यवहारात नेमके काय काम करतो, याचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. शिक्षकांच्या मासिकात हा विषय घेण्याचे कारण असे की शाळेतल्या शिबिरासाठी मुलांना रांगेत उभे करणारा आणि पालकांच्या सह्या गोळा करणारा माणूस बहुधा शिक्षकच असतो.

वढू आणि पाबळ

या परीक्षणासाठी पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका सोयीचा आहे. तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात सुरू झाले. तेथील संशोधन केंद्राने २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू व स्थलांतर यांच्या नियमित नोंदी ठेवल्या आहेत. लहान मुलांच्या जुलाबांवरील भारतीय रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी २०११ साली दिल्ली, वेल्लूर आणि पुणे अशा तीन ठिकाणी सुरू झाली. तीत ६,७९९ बालके होती. पुण्याचे केंद्र म्हणजे हेच वढू. २०१६ पासून ती लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली.

अशा संशोधनाला नियमांची चौकट असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या विषयावरचे पहिले धोरण १९८० साली जाहीर केले आणि पुढे २०००, २००६ व २०१७ साली सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. नीतिसमितीची मंजुरी, स्थानिक भाषेतले माहितीपत्र, सही आणि ‘मध्येच बाहेर पडलो तरी उपचार थांबणार नाहीत’ ही हमी, हे सारे त्यात आवश्यक मानलेले आहे.

आता गंमत पाहा. तेच रक्त, त्याच माणसाच्या त्याच शिरेतून, संशोधनासाठी न घेता उपचाराच्या ओघात घेतले की ही सारी चौकट गळून पडते. केसपेपरवर डॉक्टर चार अक्षरे लिहितात, लॅबमध्ये नळी भरली जाते आणि रुग्णाला फक्त बिलावरून कळते की काय काय तपासले. संशोधनात धोका अधिक म्हणून काळजी अधिक, असे याचे समर्थन केले जाते. सुई टोचण्याच्या धोक्यापुरते ते खरेही आहे. परंतु रक्ततपासणीतला मोठा धोका सुईत नसतो, निकालात असतो. आणि निकालाला संशोधन व उपचार हा भेद कळत नाही.

याच तालुक्यातले दुसरे गाव पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करत विज्ञान शिकावे या विचाराने तेथे बसवलेला अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत गेला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. गृह-आरोग्य विभागात मुले रक्तगट ओळखायला आणि हिमोग्लोबिन मोजायला शिकतात. खेड्यातल्या मुलाने स्वतः रक्त तपासणे ही आम्हांला फार मोलाची गोष्ट वाटते, कारण त्यामुळे तपासणीभोवतीचे गूढ नाहीसे होते. आणि ज्या वर्गात ही कृती होते त्याच वर्गात संमतीचा धडाही देता येतो. त्याकडे लेखाच्या शेवटी येऊ.

तीन कामे, एकच शब्द

तपासणीत खरे तर तीन वेगवेगळी कामे असतात. पहिले, रक्त घेणे. दुसरे, निकाल त्या माणसाला सांगणे. तिसरे, निकाल इतर कोणाला कळणे. ‘नेहमीची’ म्हटले की ही तिन्ही एकात मिसळतात आणि बोट पुढे केले म्हणजे तिन्हींना होकार दिला असे धरले जाते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातले आहे. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करी. त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांकरवी ताब्यात घेण्यात आले आणि वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत एकटे ठेवण्यात आले. तेथे त्याने ६४ दिवस काढले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तेव्हाच्या तरतुदीने असे विलग ठेवणे बंधनकारक केले होते. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. पुढे विलगीकरणाची सक्ती कायद्यातून गेली. डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ साली तो वारला. त्याने रक्त दिले होते ते दुसऱ्याच्या उपयोगासाठी. त्यातून निघालेली माहिती मात्र त्याच्याविरुद्ध वापरली गेली.

याच्या अगदी उलट चूकही त्या दशकात होत होती. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासणे आवश्यकच आहे, कारण घेणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. पण १९९० च्या दशकातील धोरणानुसार दूषित आढळलेली पिशवी नष्ट केली जाई आणि दात्याला काहीच सांगितले जात नसे. २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणानंतर दात्याला, त्याची इच्छा असल्यास, निकाल कळवण्याचा मार्ग खुला झाला. एका ठिकाणी निकाल सरकारी यंत्रणेला कळला आणि माणूस कोंडला गेला. दुसऱ्या ठिकाणी निकाल कोणालाच कळला नाही आणि माणूस अंधारात राहिला. दोन्हींचे मूळ एकच: ‘निकाल आला तर तुम्हांला कळवायचा का, आणि आणखी कोणाला?’ हे सुई टोचण्यापूर्वी कोणी विचारले नव्हते.

तिसरे क्षेत्र नोकरीचे. रांजणगाव आणि सणसवाडीचे कारखाने आल्यापासून शिरूर तालुक्यातल्या मुलांना नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी परिचयाची झाली आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराचा खटला आला. काम करण्यास तो धडधाकट होता; केवळ एच.आय.व्ही. बाधित म्हणून त्याला काम नाकारले गेले होते. काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला आणि त्याचे नाव उघड न करता खटला चालवू दिला. न्याय मागायला आलेल्या माणसाचा निकाल पुन्हा चव्हाट्यावर येऊ नये, एवढी काळजी न्यायालयाने घेतली. ती दवाखान्यानेही घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

या साऱ्या अनुभवातून एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमानुसार माहितीपूर्वक संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, आणि तपासणीपूर्वीचे व नंतरचे समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग आहे. नोकरी, उपचार किंवा शिक्षण यांसाठी ही तपासणी अट म्हणून घालता येत नाही. कायदा चांगला आहे. आमची तक्रार वेगळी आहे. संमती ही जणू एकाच रोगाची खास गोष्ट आहे, असा समज त्यातून पसरला. कावीळ ब, क्षय, सिकलसेल, मधुमेह, गरोदरपणाची तपासणी यांच्या निकालांनीही माणसाचे लग्न, नोकरी आणि घरातले स्थान हलते. तेथे मात्र अजून ‘नेहमीची’ हाच शब्द पुरेसा मानला जातो.

संमतीमागचे गणित

संमती म्हणजे रुग्णाशी दाखवलेले सौजन्य. वेळ असला तर दाखवावे, असे अनेकांना वाटते. आमच्या मते संमती हा तपासणीच्या शास्त्राचाच भाग आहे. दहावीच्या मुलांना सोडवता येईल असे एक गणित पाहू.

समजा, एका भागात दर हजारी २ माणसांना एखादा संसर्ग आहे. तपासणी अशी आहे की खरा संसर्ग ती कधीच चुकवत नाही. आणि संसर्ग नसलेल्या हजारांपैकी ९९५ जणांना ती बरोबर ‘नाही’ सांगते, फक्त ५ जणांना चुकून ‘आहे’ म्हणते. ऐकायला ही तपासणी फारच चांगली वाटते. आता १०,००० माणसे तपासा. खरे बाधित २०. उरलेल्या ९,९८० पैकी चुकून ‘आहे’ ठरणारे सुमारे ५०. म्हणजे ‘आहे’ असा निकाल मिळालेल्या ७० जणांत खरे बाधित फक्त २०. सातांतले पाच निर्दोष! रोग जितका विरळ तितके हे प्रमाण वाईट होत जाते. म्हणूनच सरसकट तपासणीचा पहिला निकाल हा निदान नसतो, तो फक्त पुढच्या तपासणीचा इशारा असतो. वेगळ्या पद्धतीची दुसरी तपासणी केली तर त्या ५० पैकी बहुतेक सगळे सुटतात. लक्षणे नसलेल्या माणसात एच.आय.व्ही.चे निदान करण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या तपासण्या कराव्यात असा नियम आपल्याकडे आहे, तो यामुळेच.

दुसऱ्या बाजूनेही चूक होते. संसर्गानंतर शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत लागतात. त्या काळात प्रतिपिंडे शोधणारी तपासणी ‘नाही’ सांगते आणि माणूस निर्धास्त होतो.

आता विचार करा: पहिल्या ‘आहे’ नंतर माणसाला पुन्हा बोलवायचे, किंवा ‘नाही’ आल्यावरही तीन महिन्यांनी यायला सांगायचे, तर आपली कशाची तपासणी झाली हे त्याला आधी ठाऊक हवे. ज्याला विचारलेच नाही त्याला परत कसे बोलावणार? आणि पहिला कच्चा निकाल कंपाउंडरला, सासूला किंवा मालकाला कळला, तर दुसरी तपासणी निर्दोष ठरवूनही काही उपयोग होत नाही, कारण गावात पहिलाच निकाल फिरतो. संमती नसलेली तपासणी अर्धवट तपासणी असते.

गरोदर बाईचा प्रश्न

‘नेहमीची’ तपासणी सर्वांत अधिक समर्थनीय ठरते ती गरोदरपणात. १९९४ साली जाहीर झालेल्या एका अमेरिकी-फ्रेंच चाचणीत औषध न घेतलेल्या मातांकडून बाळाला एच.आय.व्ही. जाण्याचे प्रमाण २५.५ टक्के, तर झिडोव्हुडिन घेतलेल्या मातांकडून ८.३ टक्के आढळले. पुढच्या औषधांनी ते आणखी खाली आले. एवढा लाभ असताना तपासणी करू नका असे कोणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही.

पण याच औषधाने एक जुनी सोय अडचणीत आणली. अमेरिकेत १९८८ पासून नवजात बाळांच्या टाचेतून इतर तपासण्यांसाठी घेतलेल्या रक्ताचे उरलेले थेंब, नाव काढून, एच.आय.व्ही.साठी तपासले जात. रोगाचा प्रसार कळावा एवढाच हेतू. नाव नाही म्हणून संमती नाही, आणि नाव नाही म्हणून आईला सांगणेही नाही. औषध नव्हते तोवर हे खपले. बाळ वाचवणे शक्य झाल्यावर ‘सरकारजवळ निकाल आहे आणि आईला ठाऊक नाही’ ही स्थिती लोकांना असह्य झाली आणि मे १९९५ मध्ये ते सर्वेक्षण थांबवावे लागले. आपल्याकडेही १९९८ पासूनच्या पाहणीत गरोदर स्त्रियांचे गरमीच्या तपासणीसाठी घेतलेले उरलेले रक्त, नाव काढून, याच कामी वापरले गेले. नाव पुसल्याने गुप्तता राखली जाते, जबाबदारी मात्र संपत नाही.

आता प्रसूतिपूर्व तपासणीत ही चाचणी सर्वांना देऊ केली जाते. नको असल्यास बाईने ‘नको’ म्हणायचे. कागदावर हे ठीक आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात रांगेत उभी असलेली, सासूसोबत आलेली एकोणीस वर्षांची मुलगी ‘नको’ म्हणू शकेल का? आणि घरात पहिली तपासणी तिचीच झाल्याने रोग पहिल्यांदा तिच्यातच दिसतो. ‘हिला आधी निघाला, म्हणजे हिनेच आणला’ हा तर्क शास्त्राच्या दृष्टीने पोकळ आहे, कारण आधी कळणे आणि आधी होणे या दोन गोष्टी आहेत. तरी त्या तर्काने तिचे घर सुटू शकते. म्हणून तिला एकटीला बाजूला घेऊन पाच मिनिटे बोलणे, आणि नवऱ्यालाही तपासणीला बोलावणे, हा त्या नेहमीच्या तपासणीचा नेहमीचा भाग असला पाहिजे.

सहीचा कागद

यावर ‘आम्ही सही घेतो’ असे उत्तर येते. सही म्हणजे संमती नव्हे, हे शिक्षकांना तरी सांगायला नको. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. पुढे संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात त्याची झडती घेतली. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. आईबापांच्या जागी शाळेच्या माणसाने सही केली होती. त्या सह्यांमागे वाईट हेतू होता असे मानायचे कारण नाही. ‘मुलींच्या भल्याचेच आहे, विचारायचे काय?’ एवढाच विचार पुरेसा झाला असावा. ती लस रोग टाळणारी आहे, हे खरेच. पण लस चांगली असणे आणि विचारलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदाची भाषाही पाहावी. ‘सदर चाचणीबाबत मला संपूर्ण माहिती देण्यात आली असून माझी कोणतीही हरकत नाही’ या धर्तीचे वाक्य सही करणाऱ्याला काही सांगत नाही. ते सही घेणाऱ्याचे रक्षण करते. त्याऐवजी ‘आम्ही तुमच्या मुलीच्या बोटातून एक थेंब रक्त घेऊ. त्यावरून अंगात रक्त कमी आहे का ते कळेल. निकाल फक्त तुम्हांला देऊ. नको असेल तर नको म्हणा. शाळेत काही बिघडणार नाही’ असे लिहिले तर चौथी शिकलेली आईही ते वाचू शकते.

आक्षेप

‘एवढे विचारत बसलो तर साथ कशी आवरणार?’ हा आक्षेप गंभीर आहे. साथीत तपासणीची सक्ती कधी करावी लागते, हे आम्ही मान्य करतो. क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे, तेही योग्यच. पण आरोग्य खात्याला कळवणे म्हणजे गावाला कळवणे नव्हे. करोनाच्या काळात घरांवर फलक लागले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सक्षम अधिकाऱ्याचा कायदेशीर आदेश नसताना असे फलक लावू नयेत. सक्ती पहिल्या कामापुरती समर्थनीय असू शकते. तिसऱ्या कामाला ती आपोआप लागू होत नाही.

‘विचारले तर लोक नाहीच म्हणतात’ हा दुसरा आक्षेप. त्याला २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने उत्तर दिले आहे. त्या वेळी घरोघर जाऊन, संमती घेऊन, एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त एच.आय.व्ही.साठी तपासले गेले. ज्यांना स्वतःचा निकाल हवा त्यांना मोफत तपासणी केंद्राची चिठ्ठी दिली गेली. त्या आकड्यांचा आधार मिळाल्यावर २००७ साली देशातल्या बाधितांचा अंदाज पन्नास लाखांवरून सुमारे पंचवीस लाखांवर आला. याचे श्रेय मुख्यतः नमुना निवडीला आहे, संमतीला नव्हे. पण विचारूनही लोक बोट पुढे करतात आणि विचारून मिळालेले आकडे अधिक विश्वासार्ह असू शकतात, एवढे त्यावरून नक्की दिसते.

शाळेत काय करता येईल

आता पाबळच्या धड्याकडे वळू. वर्गात हिमोग्लोबिन मोजले जाते तेव्हा निकाल फळ्यावर लिहून सरासरी काढण्याचा मोह होतो. गणिताच्या दृष्टीने ते उत्तम, पण फळ्यावरच्या आकड्यापुढे नाव असते आणि ९ ग्रॅम असलेली मुलगी दुसऱ्या दिवसापासून ‘रक्त कमी असलेली’ ठरते. आकडे चिठ्ठीवर, नावाशिवाय, एका डब्यात टाकायला सांगितले तर सरासरी तीच येते. ज्या मुलाला बोट टोचून घ्यायचे नसेल त्याने काच धरावी, नोंद ठेवावी. त्याला भित्रा म्हणू नये. मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार या दोन्ही गोष्टी लागतात, हे संशोधनाचे नियम मानतात. वर्गानेही मानायला हरकत नाही.

या कृतीत शास्त्रही भरपूर आहे. बोट जोराने दाबले की रक्तात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो आणि आकडा खाली येतो, हे मुलांना करून दाखवता येते. साहलीच्या पद्धतीत रंग डोळ्यांनी जुळवावा लागतो. एकाच थेंबाचा आकडा दोन मुले वेगळा वाचतात. बारा वर्षांवरील मुलींसाठी १२ ग्रॅम ही सीमा धरली, तर ११.७ आणि १२.१ यांतला फरक रक्तातला आहे की वाचण्यातला, हा प्रश्न त्यांना पडू द्यावा. मोजमापाला चूक असते हे ज्याने स्वतः पाहिले, तो पुढे कारखान्याच्या दारात किंवा दवाखान्यात निकालाचा कागद हाती आल्यावर ‘ही कोणती तपासणी? पुन्हा करून घेता येईल का? हा कागद कोणाकोणाकडे जाणार?’ असे विचारू शकेल.

शिबिर शाळेत येते तेव्हा मुख्याध्यापकांनी पथकाला तीन गोष्टी आधीच विचाराव्यात: काय तपासणार, निकाल कोणाला देणार, आणि ज्याच्यात दोष निघेल त्याला पुढचा उपचार कोठे मिळणार. तिसऱ्याचे उत्तर नसेल, तर तपासणीने मुलाला फक्त एक शिक्का मिळेल. मग तारीख पुढे ढकलायला सांगण्याचा अधिकार शाळेला आहे आणि तो वापरण्यात संकोच वाटू नये.